हिरवळीचे उन्हाळी आवर्तन

गोपीचंदराव कालव्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांच्या अखत्यारीत एकही कालवा उरला नाही. वरवर पाहता गोष्ट साधी होती. निवृत्त होणाऱ्या माणसाला शाल मिळते, नारळ मिळतो, नोकरीत असताना कोणी काढले नसतील असे चार चांगले शब्द मिळतात. पण हुकूम चालवायला काही मिळत नाही. गोपीचंदरावांनी सुरुवातीचे दिवस घरातल्या पंख्यावर आणि पत्नीवर हुकूम चालवून काढले. पंखा ऐकत असे.

पत्नी विजयमालाबाई. त्याही शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं कमी, आणि बोलतील ते नेमकं. नवरा दिवसभर घरात दिसू लागल्यावर तो कशात तरी गुंतावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली, आणि तिथूनच त्यांच्या अडचणी सुरू झाल्या.

घर पाथरीच्या बाहेर, अभियंता कॉलनीत. कॉलनीत अभियंता एकटे गोपीचंदरावच. बाकी सगळे मास्तर, कापसाचे अडते आणि एक दातांचे डॉक्टर. घराच्या कडेने, फाटकापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत, मोकळ्या जागेची एक लांबट पट्टी होती. तिच्या फाटकाकडच्या टोकाला नळाचं पाणी साठवायचा हौद, आणि दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, एक बटमोगरा. हा मोगरा विजयमालाबाईंच्या माहेरचा. करंजखेडीच्या अंगणात त्यांच्या आईने लावलेल्या झाडाची ही फांदी. आई गेली, फांदी इथे वाढली. भांडी घासल्याचं पाणी मोरीतून थेट तिच्या बुडाशी जाई. चैत्र लागला की खिडकीतून असा वास येई की विजयमालाबाई गॅस बंद करून घटकाभर नुसत्या उभ्या राहत. विज्ञानाच्या बाईला हे शोभत नाही असं त्यांना वाटे, म्हणून तेवढ्या वेळात त्या कोणाला आत येऊ देत नसत.

एका सकाळी चहा पिता पिता गोपीचंदरावांनी जाहीर केलं, "मोकळ्या जागेचं हरितीकरण करायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"वरच्या पातळीवर."

विजयमालाबाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता.

मृग लागायच्या आधी टेंपोभर लॉन आली, सतरंजीसारखी गुंडाळ्या केलेली. विजयमालाबाई म्हणाल्या, "आपली माती काळी आहे. पावसाळ्यात पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते. आधी खाली थोडी वाळू..."

"विजू," गोपीचंदराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "माती हा आपला विषय नाही. ते खातं वेगळं."

लॉन अंथरली त्या दिवशी विजयमालाबाईंचा धाकटा भाऊ सूर्यभान करंजखेडीहून तुरीची डाळ घेऊन आला होता. करंजखेडी हे गाव कालव्याच्या अगदी शेवटी येतं. कालव्याच्या भाषेत त्याला टेल म्हणतात. गोपीचंदराव त्याच कालव्यावर साहेब होते, आणि त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत प्रत्येक आवर्तनात, म्हणजे पाणी सोडायच्या प्रत्येक पाळीत, करंजखेडीला पाणी पोचलेलं होतं. करंजखेडीला मात्र याची कल्पना नव्हती.

सूर्यभानने लॉनची एक काडी उपटली, तिची गाठ निरखली, चावून पाहिली.

"काय नाव म्हन्लात दाजी याचं?"

"बर्म्युडा. हायब्रीड."

"हराळी हाय की ही! आमी जलमभर कुदळीनं खणून बांधावर वाळू घातली, अन् तुमी टेंपो करून घरी आणली व्हय?"

"ही सुधारित आहे."

"मंग ठीक हाय. आता सुधारलीच हाय तर काय बोलावं."

जेवताना तो बहिणीला हळूच म्हणाला, "अक्का, दाजीचं मन लागलं म्हंजी झालं. गवत हाय, कुणाला खाईना." त्याचा हा अंदाज चुकला.

हिरवळीचं व्यवस्थापन शास्त्रीय पद्धतीने व्हावं, यावर गोपीचंदरावांचा कटाक्ष होता. शास्त्रीय म्हणजे कालव्यासारखं. पट्टीच्या मधोमध एक पाट खोदण्यात आला. हौदापाशी फरशीच्या तुकड्याचा दरवाजा बसवण्यात आला. हौदाला धरण, फाटकाकडच्या हिरवळीला मुख आणि खिडकीखालच्या भागाला टेल अशी नावं मिळाली. देखरेखीसाठी शेजारच्या गल्लीतले योगीराज रुजू झाले. योगीराज हे निवृत्त कालवा निरीक्षक, गोपीचंदरावांच्या हाताखाली जन्म काढलेले. निवृत्तीनंतर त्यांनाही करमत नव्हतं. त्यांना कोणी 'साहेब' म्हणायला नको होतं. कोणाला तरी 'साहेब' म्हणायला हवं होतं.

"पाट कशाला?" विजयमालाबाईंनी विचारलं. "रबरी नळी घ्या. आधी टोकाला पाणी द्या, मग मागे मागे येत फाटकापर्यंत या."

गोपीचंदराव खुलले. "अगदी बरोबर! आधी टेल, मग मुख. हेच तर आपलं धोरण आहे."

"मग तसं करू या."

"आता करायचं काय राहिलं त्यात? धोरण आहे म्हटलं ना."

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला आणि मोरीचं पाणी त्याने नवा पाइप टाकून गटाराला जोडलं. सांडपाणी लाभक्षेत्रात सोडता येत नाही, असं कारण होतं. विजयमालाबाई खिडकीतून पाहत म्हणाल्या, "मोगरा त्याच पाण्यावर जगतो."

"तेच तर दुःख आहे," गोपीचंदराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच कळवळा होता. "खरकट्या पाण्यावर किती दिवस जगायचं त्याने? आता तो लाभधारक झाला. त्याला हक्काचं पाणी मिळेल."

अशा रीतीने मोगऱ्याला पाण्याचा हक्क मिळाला आणि पाणी बंद झालं.

पावसाळ्यात हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पावसाला आवर्तनाची माहिती नव्हती. तो सगळीकडे सारखा पडला. वर योगीराज ठरलेल्या दिवशी हौदाचा दरवाजाही उचलत, कारण वेळापत्रक आधीच मंजूर झालेलं होतं आणि पावसाने ते पाहिलेलं नव्हतं. जमिनीचा उतार खिडकीकडे. मुखाचं, मधलं, छपराचं असं सगळं पाणी टेलला गोळा झालं आणि मोगरा घोट्याएवढ्या डबक्यात उभा राहिला. त्याची पानं पिवळी पडू लागली.

"मोगऱ्याची मुळं कुजतील. टेलला पाणी फार झालंय," विजयमालाबाई म्हणाल्या.

योगीराजांनी डोळे मोठे केले. "फार झालंय? टेलला? बाई, अख्ख्या नोकरीत अशी तक्रार कधी ऐकली न्हाई. साहेब, फोटू काढून ठिवू का? परत अशी संधी यायची न्हाई."

फोटो फाटकातूनच, झूम करून काढण्यात आला. पाण्यात उभा मोगरा, मागे खिडकी, खिडकीत विजयमालाबाईंचा अर्धा चेहरा. 'टेलपर्यंत मुबलक पाणी' या मजकुरासह तो निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हाट्सॲप गटावर गेला आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. विजयमालाबाईंनी एका दुपारी खुरपं घेऊन डबक्याला चर काढून दिला. तोही नंतर बुजवण्यात आला, कारण नकाशात चर नव्हता. पण मोगरा जुना होता, तगला.

हिरवळ मात्र फाटकापाशी बघण्यासारखी फोफावली. तिच्यावर पाय ठेवायला बंदी झाली. वाळत घालायचे कपडे गच्चीवर गेले, तुळशीला प्रदक्षिणा घालणं अर्ध्यावर थांबवून उलटं फिरावं लागू लागलं, आणि पाहुण्यांना हिरवळ दाखवून तिच्या कडेला सिमेंटच्या पायरीवर बसवण्यात येऊ लागलं. गवताला माणसांचा त्रास होतो, हे गोपीचंदरावांना निरीक्षणातून कळलं होतं.

हिवाळा हा हिरवळीला मानवणारा काळ. ऊन कोवळं, पाणी बेताचं लागतं, आणि नळालाही पाणी बरं असतं. म्हणून याच काळात पाट दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आला. त्याला सिमेंटचं अस्तर करायचं होतं. गवंडी ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाकडे गेलेला, तो यायचा होता. तो आला तेव्हा सिमेंट कडक झालेलं होतं. नवं सिमेंट आलं तेव्हा संक्रांत उलटून गेली होती. थोडक्यात, पाणी होतं तेव्हा पाट नव्हता, आणि पाट झाला तेव्हा ऊन तापू लागलं होतं.

संक्रांतीच्या सुमारास सूर्यभान आला, तो बराच वेळ खिडकीखाली मोगऱ्यापाशी उकिडवा बसून राहिला.

"अक्का, आईचा मोगरा गेला."

विजयमालाबाईंच्या हातातलं तिळाचं ताट तसंच राहिलं. "गेला म्हणजे?"

"वाळला. हिरीनं तळ गाठला, अंगणात कुठून घालावं पाणी? कालव्याला पाणी सोडल्यालं हाय म्हन्त्यात. आमी वाटच बघायलोत." त्याने मोगऱ्याचं एक पान दोन बोटांत धरलं. "आता तुझ्याकडचा एवढा एकच ऱ्हायला. पाऊस पडला की याची एक फांदी दे. परत अंगणात लावू. येवढा उन्हाळा काढ म्हनावं याला."

"काढेल," विजयमालाबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या दिवसापासून त्या घरातलं प्रत्येक पाणी मोगऱ्याच्या हिशेबाने पाहू लागल्या.

उन्हाळा आला तो परभणी जिल्ह्याला साजेसा. काळी माती तडकली. नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत गेले, आणि आलं तरी करंगळीएवढी धार. कॉलनीत याचं कोणाला फारसं वाटत नसे, कारण घरोघरी नळाच्या लाइनीलाच मोटार लावलेली होती. पाणी आलं की सगळ्या मोटारी एकदम चालू होत आणि ज्याची मोटार दांडगी त्याचा हौद आधी भरे. मोटार नव्हती ती दोनच घरी. एक गोपीचंदरावांकडे, कारण शेतकऱ्यांनी कालव्यावर चोरून लावलेल्या मोटारी जप्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि ते त्यांचं तत्त्व होतं. दुसरी गल्लीच्या शेवटी, दोन पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या सुलाबाईंकडे. त्यांचं घर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाई आणि उन्हाळ्यात परत येई. त्यांच्याकडे तत्त्व नव्हतं आणि मोटारही नव्हती.

ओट्यावर पाणी सल्लागार समितीची बैठक झाली. अध्यक्ष गोपीचंदराव, सचिव योगीराज, लाभधारकांच्या प्रतिनिधी विजयमालाबाई. चहाही त्यांच्याकडेच होता.

"पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम," गोपीचंदराव म्हणाले. "त्यात तडजोड नाही. मात्र अंघोळ ही पिण्यात धरता येणार नाही."

"आणि धुणं?"

"धुणं बिगरसिंचन."

अंघोळी एक दिवसाआड झाल्या. चादरी महिन्यावर गेल्या. वाचलेलं पाणी हौदात शिल्लक पडलं आणि होळीनंतर लगेच उन्हाळी आवर्तन सोडण्याचं ठरलं. योगीराजांनी नारळ फोडला, गोपीचंदरावांनी फरशीचा दरवाजा उचलला, पाणी सिमेंटच्या पाटातून खळाळत निघालं. मुखाची हिरवळ पोटभर प्यायली. मध्यावर पाटाच्या बाजूला मातीला जी भेग पडली होती, तिने अस्तरही तडकावलं होतं. पाणी त्या भेगेत शिरलं आणि दिसेनासं झालं.

विजयमालाबाईंनी भेगेत हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. "हे बघा. सगळं इथून खाली चाललंय. पुढे थेंब जात नाही."

"ती गळती," गोपीचंदराव शांतपणे म्हणाले. "गळती आपण गृहीत धरलेली आहे."

"गृहीत धरल्याने ती थांबते का?"

"थांबत नाही. पण मग ती चूक राहत नाही."

संध्याकाळी फाटकातल्या खुर्चीवरून योगीराजांनी वर्दी दिली, "साहेब, टेल ओलं हाय." पावसाळ्यातला तोच फोटो पुन्हा गटावर गेला. एका जुन्या सहकाऱ्याने लिहिलं, 'एवढ्या टंचाईतही टेलला गुडघाभर पाणी! शिकण्यासारखं आहे.'

विजयमालाबाई योगीराजांना चहा द्यायला गेल्या. "योगीराजराव, टेलला जाऊन पाहिलंत का तुम्ही?"

योगीराजांनी कपबशी घेतली, इकडेतिकडे बघितलं. "बाई, तुमच्यापासून काय लपवू? उभ्या नोकरीत टेल बघायचा परसंग आणला न्हाई. टेल बघितलं की मंग वर्दी देता येत न्हाई. साहेबाला तरास, साहेबाच्या साहेबाला तरास. इथं बसून समदं चांगलं दिसतंय की."

तेव्हा विजयमालाबाईंनी पाणी चोरायला सुरुवात केली. दुपारी नवऱ्याचा डोळा लागला की भांडी घासलेलं पाणी त्या मोरीत न सोडता पातेल्यात धरत आणि खिडकीतून मोगऱ्याच्या बुडाशी ओतत. आयुष्यभर मुलांना कॉपी करताना पकडलेली बाई दर वेळी आधी आतल्या खोलीत डोकावून येई. पण मोगऱ्याने नवी पालवी धरली.

तीच नडली. हिरवी पानं फाटकातून दिसली आणि योगीराज नोकरीच्या काळात आणि नोकरीनंतर पहिल्यांदाच टेलला गेले. खाली वाकले, मातीला हात लावला आणि किंचाळले, "साहेब! टेल ओलं हाय!"

इतक्या वर्षांत त्यांनी दिलेली ही पहिली खरी वर्दी होती, आणि ती गुन्ह्याची होती.

गोपीचंदराव आले. पातेलं, खिडकी, ओल, सगळं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा खेद होता. "विजू, तू घरची आहेस म्हणून. बाहेरचं कोणी असतं तर अनधिकृत उपशाची कारवाई करावी लागली असती."

"अहो, ते पाणी एरवी गटारात जातं!"

"गटारात गेलं तर ती गळती. मोगऱ्याला घातलं तर ती चोरी. एवढा फरक तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला कळू नये?"

"तो मरेल."

"अन्याय होऊ देणार नाही मी. पुढच्या आवर्तनात तुझं नाव पहिलं." आणि त्यांनी, खरोखरच मायेने, बायकोच्या खांद्यावर थोपटलं. मग खिडकीला जाळी बसवली आणि योगीराजांची खुर्ची मोगऱ्याकडे तोंड करून ठेवली.

पुढचं आवर्तन निघालं तेव्हा विजयमालाबाईंचं नाव खरंच पहिलं होतं. योगीराजांनी ते मोठ्याने पुकारलं. पाणी भेगेपर्यंत आलं. पालवी कोमेजली, मग काड्या वाळत गेल्या. विजयमालाबाई रोज नखाने एकेका फांदीची साल खरवडून बघत. सालीखाली हिरवं असलं तर फांदी जिवंत, तपकिरी असलं तर गेली. शाळेत त्यांनी हे कितीतरी मुलांना दाखवलं होतं. होता होता एकच फांदी हिरवी निघू लागली, तीही बुडाशी, बोटभर.

त्या दिवशी त्यांनी सूर्यभानला फोन लावला.

"आखितीला येणार आहेस ना? येताना मोटार घेऊन ये."

"कंची मोटार?"

"तुझीच. यांनी दोनदा जप्त केली होती ती."

 सूर्यभान म्हणाला, "अक्का, ती पडूनच हाय. कालव्यात पाणी यावं तवा ना लावावं. पर दाजी?"

"दाजींचं मी बघते."

नळाच्या लाइनीला मोटार लावली की काय होतं, हे विजयमालाबाईंइतकं नेमकं त्या कॉलनीत कोणालाच माहीत नव्हतं. सरबताच्या एका बाटलीत दोन नळ्या घालून, दोन मुलांना समोरासमोर बसवून, त्यांनी तो धडा वर्षानुवर्षं शिकवला होता. जो जोरात ओढतो त्याच्या तोंडात सरबत येतं, दुसऱ्याच्या तोंडात हवा. मुलं हसत. हवा मिळालेलं मूलही हसे, कारण पुढच्या वेळी त्याची पाळी असे.

अक्षय तृतीयेच्या सकाळी सूर्यभान मोटार घेऊन आला. शेतातली मोटार ती. नळाशेजारी ठेवल्यावर नळ तिचं नातवंड वाटू लागला. गोपीचंदराव फाटकातून पाहत होते. चेहरा तांबडा होत चालला होता.

"माझ्या घरात बेकायदा मोटार?"

विजयमालाबाई पुढे झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खात्याची भाषा वापरली.

"मोटार कुठे आहे? ही उपसा सिंचन योजना आहे."

गोपीचंदराव थबकले. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या वाट्याला एकही उपसा योजना आली नव्हती. इतरांना मिळाल्या होत्या, ज्यांना साधा पाट ओढता येत नव्हता अशांना.

"मंजुरी?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"वरच्या पातळीवर."

गोपीचंदरावांनी वर पाहिलं नाही. ते म्हणाले, "योगीराज, नारळ."

नळाची वेळ झाली. सूर्यभानने बटण दाबलं. मोटारीने असा हुंकार दिला की गल्लीतल्या बाकीच्या मोटारी कुरकुरून गप्प बसल्या. मग पाणी आलं, मनगटाएवढी धार. विजयमालाबाईंनी रबरी नळी जोडली, ती पाटाला न विचारता सरळ मोगऱ्यापर्यंत नेली आणि आधी त्याचं बुड भिजवलं. मग मागे मागे येत सगळी पट्टी. आधी टेल, मग मुख. धोरण पहिल्यांदाच अमलात आलं होतं, आणि गोपीचंदराव ते डोळे भरून पाहत होते.

"योगीराज, या वेळी नवा फोटो काढा," ते म्हणाले.

नळाला आणखी चार वेळा पाणी आलं तोवर मोगऱ्याला पालवी आली. ज्येष्ठाच्या तोंडाशी त्याच एका फांदीवर कळ्या धरल्या. दर नळाच्या दिवशी सूर्यभान पाहुणा येई, पायरीवर बसून चहा पिई आणि बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून खूश होई. "अक्का, फांदीचं जमलं बग. पाऊस पडू दे आता."

अशाच एका नळाच्या दिवशी, मोटार चालू असताना, फाटकात सुलाबाई येऊन उभ्या राहिल्या. कडेवर रिकामी घागर.

"बाई, नळाला पाणी आलंय का हो? आमच्याकडं नुसती हवाच यायलीय. फुर्र फुर्र करतोय नळ. लय दिस झाले."

विजयमालाबाईंच्या हातात नळी होती. नळीतून पाणी पडत होतं. त्यांना सरबताची बाटली आठवली, दोन नळ्या आठवल्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या शांत, नेमक्या आवाजात शब्द बाहेर आले:

"सोडलंय, सुलाबाई. पोचेल."

पायरीवर सूर्यभानच्या हातातली बशी तोंडापाशी थांबली. हे शब्द त्याने कालव्यावर जन्मभर ऐकले होते. बहिणीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होता. त्याने बशी खाली ठेवली, मोटारीकडे पाहिलं. मोटार त्याचीच होती.

"पोचंल म्हन्ता?" सुलाबाई म्हणाल्या. "तवर एक घागर मिळंल का? पोरगी बाळंतीन हाय घरात."

"अशी एकेकाला दिली की पायंडा पडतो," गोपीचंदराव खुर्चीतून म्हणाले. "त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून रीतसर..."

"असू द्या हो, बाळंतीण आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. त्या निर्दय नव्हत्या. त्यांनी नळीचं तोंड घागरीत धरलं आणि ती काठोकाठ भरून दिली. वर मोगऱ्याच्या दोन टपोऱ्या कळ्या तोडून सुलाबाईंच्या हातावर ठेवल्या. "हे घ्या. लेकीच्या केसात माळा."

सुलाबाईंनी घागर डोक्यावर घेतली. ती त्यांच्याच नळाच्या पाण्याने भरली होती. "देव तुमचं भलं करो बाई," त्या म्हणाल्या. "अन् काय गवत राखलंय हो! जीव निवला बघून."

त्या गल्लीच्या टोकाकडे चालू लागल्या. योगीराजांनी फाटकातूनच त्यांच्या पाठीकडे पाहिलं, डोक्यावरून निथळणारं पाणी पाहिलं आणि वर्दी दिली, "साहेब, टेलला पाणी पोचलं."

इथवर वाचून ज्या वाचकांना विजयमालाबाईंचा राग आला असेल, त्यांनी तो जरूर धरावा. फक्त त्याआधी उठून आपल्या नळाची मोटार बंद करून यावं. घाई नाही. टाकी भरू द्या.